मिलच्या आत्मचरित्राची एक स्वस्त आवृत्ती

उपयुक्ततावादी, म्हणजे जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख हाच नीतीचा निकष मानणारा, तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८७३ सालीच प्रसिद्ध झाले. त्याचे एक स्वस्त इंग्रजी पुनर्मुद्रण मी नुकतेच ऑनलाइन मागवले. प्रकाशकाचे नाव येथे देत नाही. कागद पातळ आहे आणि टाइप बारीक आहे, पण किंमत पाहता त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती संपूर्ण पुस्तकात एकही टीप किंवा सूची नाही याची.

मूळ मजकूर कोणत्याही आवृत्तीत वाचावा असाच आहे. वडील जेम्स मिल यांनी मुलाला शाळेत न घालता तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन शिकवायला घेतले, आणि सवय मोडू नये म्हणून सुट्टी अशी कधी दिलीच नाही. पुढे पाचव्या प्रकरणात, उपयुक्ततावादाचा प्रवर्तक जेरेमी बेंथम याच्या विचारांवर पोसलेला हा मुलगा विसाव्या वर्षी स्वतःलाच विचारतो की, आपल्याला हव्या त्या सगळ्या सुधारणा या क्षणी घडून आल्या तर आपण सुखी होऊ का; आणि मनातून उत्तर येते, नाही. त्या खिन्नतेतून सावरताना त्याला वर्ड्‌स्वर्थच्या कवितेचा आधार मिळाला. सुखाचा हिशेब मांडणाऱ्या पंथातल्या माणसाने हे इतक्या कोरड्या, प्रामाणिक भाषेत लिहावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

टिपांची उणीव सर्वांत जास्त जाणवते ती हिंदुस्थानच्या संदर्भात. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे मिल लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, पण हिंदुस्थानात तो कधीच आला नाही. देशी संस्थानांबाबतच्या खलित्यांचे मसुदे करणे हे त्याचे मुख्य काम होते, आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झाले तेव्हाही तो त्याच कचेरीत होता. आत्मचरित्रात मात्र या नोकरीला थोडकीच पाने मिळाली आहेत. आगरकरांमुळे मिल ज्यांना परिचित आहे अशा मराठी वाचकाला नेमके येथेच संपादकाचे बोट धरावेसे वाटते, आणि येथे तर संपादकच नाही.

शिवाय १८७३ च्या छापील प्रतीतून काही मजकूर वगळलेला होता आणि १९२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने हस्तलिखितावरून नवी आवृत्ती काढली. हाती आलेली संहिता यांपैकी कोणती, हेही प्रकाशकाने कोठे नोंदवलेले नाही. अभ्यासासाठी जास्त पैसे मोजून सटीप आवृत्तीच घ्यावी. केवळ पाचव्या प्रकरणासाठी ही प्रत पुरेशी आहे, आणि मी ती परत केलेली नाही.