सहकाऱ्याच्या आजारपणाबद्दल शंका आहे: विचारावे, तक्रार करावी की कामाचे बोलावे?

शेजारच्या टेबलावरचा सहकारी आजारपणाच्या नावाखाली सुट्टी घेतो आहे असा संशय आला, तर गप्प राहणे, त्यालाच विचारणे, लेखी तक्रार करणे किंवा वाढलेल्या कामाबद्दल वरिष्ठांशी बोलणे हे मार्ग उरतात. निवड करताना तो खोटे बोलतो का यापेक्षा आपल्या हाती नेमके काय आहे, हे आधी पाहावे. येथे राज्य शासनाचे कार्यालय डोळ्यांसमोर ठेवले आहे, कारण तेथील रजेचे नियम लेखी आहेत.

त्याचे काम आपल्यावर पडत नसेल तर गप्प राहणेच बरे. थेट विचारणे हा मार्ग जुन्या स्नेह्यांपुरता ठीक आहे आणि तोही "बरे आहे ना? काही मदत हवी का?" एवढ्यावर थांबवावा. त्यापुढचा प्रत्येक प्रश्न उलटतपासणीसारखा लागतो, आणि मानसिक आजार किंवा गर्भपात यांसारखे कारण कोणी कार्यालयात उघड करावे अशी अपेक्षा धरता येत नाही.

लेखी तक्रार सर्वांत वजनदार दिसते, परंतु तिचा पाया बहुधा कच्चा असतो. एकदोन दिवसांची गैरहजेरी सहसा वर्षाला मिळणाऱ्या 8 किरकोळ रजांमधून भागवली जाते. अर्जात "प्रकृती ठीक नसल्यामुळे" असे सवयीने लिहिले, तरी त्यासाठी सहसा डॉक्टरचा कागद लागत नाही. दीर्घ आजारात परिवर्तित रजा (अर्धवेतनी रजेच्या बदल्यात मिळणारी पूर्ण पगाराची रजा) घेतली, तर वर्षाकाठी 20 दिवस जमा होणाऱ्या अर्धवेतनी रजेतून तिच्या दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे तो आपल्याच खात्यातली शिल्लक खर्च करत असतो. प्रमाणपत्राबद्दल शंका असल्यास दुसरे वैद्यकीय मत मागवण्याची तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये आहे, पण तो अधिकार रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे, शेजारच्या टेबलाचा नाही. हळदीच्या मंडपातल्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून तो सकाळी अर्धशिशीने बेजार होता की नव्हता, हे ठरत नाही. फोटो त्याच दिवसाचा आहे की नाही, हेही ठरत नाही. माहितीच्या अधिकारात त्याच्या रजेचे अर्ज मागवण्याची टूमही काही जण काढतात. मात्र कर्मचाऱ्याच्या सेवेशी संबंधित असे तपशील व्यापक जनहित दाखवल्याखेरीज वैयक्तिक माहितीत मोडतात, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये घेतली होती. शिवाय अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीच्या गुन्ह्यातून वगळलेली आहे, तर चहाच्या टपरीवरच्या कुजबुजीला तसे संरक्षण नाही. दुर्दैवाने बहुतेक जण टपरीपासूनच सुरुवात करतात.

कामाबद्दल बोलण्याच्या मार्गात आजार खरा की खोटा हे सिद्ध करावे लागत नाही. "गेल्या दोन महिनाअखेरींना त्यांच्या टेबलावरची देयके माझ्याकडे आली, त्यामुळे माझ्याकडची प्रकरणे मागे राहिली, अशा वेळी कार्यभार कोणाकडे जाईल, हे लेखी आदेशाने ठरवून द्यावे," असे तारखांसह मांडले, तर वरिष्ठांना निर्णय घ्यावाच लागतो. सहकारी खरोखरच आजारी असला तरी ही मागणी रास्तच ठरते आणि नसला, तर हजेरीपटावरचा क्रम अधिकाऱ्याच्या नजरेत आपोआप भरतो. यात एक उणीव आहे: अतिरिक्त कार्यभाराचा आदेश कधीकधी मागणाऱ्याच्याच नावाने निघतो. म्हणून कोणते काम आपण घेऊ शकतो आणि कोणते नाही, हे त्याच टिपणीत लिहावे.

माझा कौल या मार्गाला आहे. तक्रारीची पाळी येते ती फसवणूक स्वतः पाहिल्यावरच: रजेच्या दिवशी त्याने आपल्याला हजेरीपटावर सही करायला सांगितले असेल किंवा कोरे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र आपल्यासमोर भरले असेल. अशा वेळी ऐकीव काही न मिसळता, जे पाहिले तेवढेच लिहून आस्थापना शाखेत द्यावे आणि पोच घ्यावी.