‘कूल’ या एका शब्दासाठी : एटिमऑनलाइन या व्युत्पत्तिकोशाचे परीक्षण

अब्राहम लिंकन यांनी 27 फेब्रुवारी 1860 रोजी न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये केलेल्या भाषणाचा एक भाग मी मराठीत आणत होतो. रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्ष निवडून आला तर आम्ही संघराज्य मोडू आणि ते मोडल्याचे पाप मात्र तुमच्या माथी येईल, असे दक्षिणेकडील लोक म्हणतात, हे सांगून लिंकन तीनच शब्द उच्चारतात : ‘दॅट इज कूल.’ त्यानंतर ते दाखला देतात तो वाटमाऱ्याचा. तो कानाशी पिस्तूल धरून दरडावतो की, मुकाट्याने ऐवज दे, नाहीतर मी तुला ठार करीन आणि मग खुनी तू ठरशील.

येथे ‘कूल’ला मराठीत काय म्हणावे? माझ्या मोबाइलमधल्या इंग्रजी-मराठी कोशाने थंड, गार, शीतल, शांत, उदासीन आणि मस्त असे सहा शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत मांडले होते. यांतला कोणता अर्थ केव्हाचा, कोणता माणसाला लागतो आणि कोणता हवेला, याची काहीही खूण तेथे नव्हती. मी घाईने ‘हे तर मस्तच’ असे लिहून पुढे गेलो. दुसऱ्या वाचनात ते वाक्य खटकले, म्हणून मी एटिमऑनलाइन उघडले. डग्लस हार्पर यांनी उभारलेला हा इंग्रजीचा व्युत्पत्तिकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. गेली काही वर्षे मी तो अधूनमधून पाहत आलो असलो, तरी त्याची खरी किंमत मला या एका नोंदीने कळली.

‘कूल’ची नोंद जुन्या इंग्रजीपासून सुरू होते. ऊबदार नाही, पण ‘कोल्ड’इतके कडाक्याचेही नाही, हा मूळ अर्थ. क्षुब्ध न होणारा माणूस हा अर्थही त्याच काळात होता, हे वाचून मला आश्चर्य वाटले, कारण हा अर्थ अलीकडचा असावा अशी माझी समजूत होती. कोल्ड, चिल, जेली आणि ग्लेशिअर हे सगळे शब्द ‘कूल’चे भाऊबंद असून ते गोठण्याचा अर्थ असलेल्या एकाच प्राचीन धातूकडे जातात. चौदाव्या शतकाच्या मध्याला या शब्दाला नापसंतीची आणि अलिप्तपणाची छटा आली. आपण ‘थंडा प्रतिसाद’ म्हणतो तो हाच. अठराव्या शतकात तो मोठ्या रकमेच्या आधी येऊ लागला, आणि अशा ठिकाणी मराठीत ‘चक्क’ किंवा ‘खणखणीत’ लिहिल्याशिवाय गत्यंतर नसते. पुढची तारीख मला हवी होती ती : 1825, शांतपणे केलेली धिटाई. लिंकन यांचे भाषण त्यानंतर 35 वर्षांनी झाले. वाहवा करणारा ‘कूल’ या कोशानुसार 1933 चा, म्हणजे लिंकन यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ सात दशकांनी लिखित आढळणारा. माझे ‘मस्तच’ कालविपर्यासाचे होते. मी ते खोडून ‘काय हा साळसूदपणा!’ असे लिहिले आणि त्यानंतरचा वाटमारा लगेच जागेवर बसला.

वाहवा करणारा हा अर्थ मुळात आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या बोलीतला, आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस तो जॅझच्या वाटेने सर्वत्र पोहोचला, असे ही नोंद सांगते. तो रूढ करण्याचे श्रेय टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग (1909-1959) यांना दिले जाते, हेही ती नमूद करते, पण ‘असे म्हणतात’ एवढ्याच जोरावर. ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते. जॅझमधले ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांनी 1925 मध्ये ध्वनिमुद्रणासाठी जमवलेल्या वादकांच्या संचाचे नाव ‘हॉट फाइव्ह’ होते. म्हणजे त्याच संगीतात आधी ‘हॉट’ ही शाबासकी होती आणि पाव शतकाच्या आत ‘कूल’ही शाबासकी झाली. मराठी वाचकाला हे अनोखे वाटू नये, कारण आपलेही डोळे ‘निवतात’ आणि जीव ‘गार’ होतो. मात्र त्या गारव्यात तृप्ती आहे. लेस्टर यंग यांच्या मऊ, संथ सुरांतला संयम तिच्यात येत नाही, आणि म्हणून तेथे मी ‘कूल’ तसाच ठेवतो.

या कोशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अर्थांना क्रमांक नाहीत. सगळा इतिहास सलग परिच्छेदात असल्यामुळे हवी ती तारीख डोळ्यांनी शोधावी लागते, आणि विशेषण, क्रियापद व नाम यांच्या नोंदी वेगवेगळ्या असल्याने तिन्ही उघडल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. मोठ्या माणसाच्या दाराशी ताटकळण्यासाठी इंग्रजीत टाचा गार करण्याचा वाक्प्रचार आहे. त्याला मराठीत ‘तिष्ठत बसणे’ हा नेमका शब्द असला, तरी तो वाक्प्रचार विशेषणाखाली सापडत नाही, क्रियापदाखाली सापडतो. वापराची उदाहरणे अगदी थोडी आहेत. शाळेतल्या मुलाला आज हा शब्द कसा वापरावा हे शिकायचे असेल, तर त्याने शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश घ्यावा. तारखांविषयीही भान हवे : दिलेले वर्ष हे टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या लेखी पुराव्याचे असते, आणि लोकांच्या तोंडी शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून असू शकतो. बोलीतून वर आलेल्या ‘कूल’सारख्या शब्दाबाबत तर हे अंतर मोठे असण्याचा संभव अधिक.

जुने इंग्रजी लेखन मराठीत आणणाऱ्या प्रत्येकाने हा कोश हाताशी ठेवावा, अशी माझी मनापासून शिफारस आहे. द्विभाषिक कोशातून शब्द उचलण्यापूर्वी मूळ लेखनाचे वर्ष कागदाच्या कोपऱ्यात लिहावे, मग येथील नोंदीत त्या वर्षापर्यंतचेच अर्थ वाचावेत. लिंकन यांच्या भाषणाचे उरलेले भाग मी आता याच रीतीने करीत आहे.