एनसीएए एलिजिबिलिटी सेंटर : ११० डॉलरचे खाते आणि पाच ताऱ्यांचा गाजावाजा

अमेरिकेत हायस्कूलमधल्या गुणी खेळाडूभोवती जो बाजार भरतो, त्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणी वस्तू म्हणजे एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या एलिजिबिलिटी (पात्रता) सेंटरचे खाते. कॅम्प, हायलाइट व्हिडिओ, ‘आम्ही तुम्हाला थेट कोचपर्यंत पोचवतो’ म्हणणारी पॅकेजेस, या सगळ्याचे पैसे आईवडील न कुरकुरता भरतात. पोराला कॉलेजात पहिल्या वर्षी मैदानात उतरता येईल की नाही हे ज्या खात्यावरून ठरते, ते मात्र बारावीच्या दिवाळीपर्यंत उघडलेलेही नसते. म्हणून हे परीक्षण त्या खात्याचे.

सेंटरचे कार्यालय इंडियानापोलिसला आहे. २००७ पर्यंत हे काम ‘क्लिअरिंगहाऊस’ नावाने चाले आणि जुने कोच अजून तोच शब्द वापरतात. एनसीएएने कॉलेजांचे तीन गट, म्हणजे डिव्हिजन, केले आहेत. त्यांतल्या एक आणि दोनमध्ये खेळू पाहणाऱ्या प्रत्येकाची दोन बाबतींत तपासणी इथे होते : शाळेतला अभ्यास पुरेसा आहे का, आणि खेळाडू अजून हौशी या व्याख्येत बसतो का. प्रवेश देणे किंवा स्कॉलरशिप मिळवून देणे हे त्यांचे कामच नव्हे. खाती तीन प्रकारची. प्रोफाइल पान फुकट, फक्त हौशीपणाची तपासणी ७० डॉलर, आणि पूर्ण खाते अमेरिका-कॅनडातल्यांना ११०, बाहेरच्यांना १७० डॉलर. अमेरिकेतल्या गरजू कुटुंबाला शाळेच्या काउन्सेलरमार्फत फी माफ होते. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिपच नसते आणि तिथे अभ्यासाचे निकष प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते, त्यामुळे नुसते ‘बघू कुठे जमतंय ते’ म्हणणाऱ्याने आधी फुकटचे पान उघडावे. पुढे ते बदलून घेता येते.

आता गोंधळ कुठे होतो ते. ‘एलिजिबल’ हा एकच शब्द दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर वापरला जातो. शाळेच्या सामन्यांसाठी राज्याची क्रीडा संघटना ठरवते, कॉलेजसाठी एनसीएए. कॅलिफोर्नियात शाळेच्या संघात राहायला ग्रेडची सरासरी चारपैकी २.० पुरते. टेक्सासमध्ये १९८४ पासून ‘नो पास, नो प्ले’ आहे, म्हणजे विषयात ७० च्या खाली गेलात तर बाहेर. हा उंबरठा ओलांडून पोरगा चार वर्षे दर शुक्रवारी खेळतो, गावातल्या पेपरात फोटो येतात, आणि घरच्यांना वाटते की अभ्यासाची बाजू भक्कम आहे. डिव्हिजन एकला मात्र २.३ लागतात, तेही फक्त सोळा कोअर, म्हणजे मुख्य शैक्षणिक, विषयांवर. पीई (शारीरिक शिक्षण), बँड, स्वयंपाक, वर्कशॉप यांतले ए इथे शून्य किमतीचे.

सोळांची विभागणी अशी : इंग्रजी ४, गणित ३ (अल्जिब्रा एक किंवा त्यावरचे), विज्ञान २ (शाळेत प्रयोगशाळा असेल तर त्यातला एक विषय प्रयोगांसह), या तिन्हींपैकी कुठलाही आणखी १, सामाजिक शास्त्रे २, आणि उरलेले ४ यांतूनच किंवा परभाषा, तत्त्वज्ञान, तौलनिक धर्म यांतून. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट जानेवारी २०२३ मध्ये गेली. गुण मोजताना ए चे ४, बी चे ३, सी चे २. अधिक-उणे चिन्ह धरत नाहीत, म्हणजे बी उणे आणि बी अधिक दोन्ही तीनच. कागद-पेन्सिल घेऊन मांडा : पाच बी आणि अकरा सी म्हणजे ३७ गुण, भागिले १६ केले की २.३१, पास. चार बी आणि बारा सी म्हणजे ३६, सरासरी २.२५. हा मुलगा डिव्हिजन दोनमध्ये चालतो (तिथे २.२), पण डिव्हिजन एकमध्ये तो ‘अकॅडमिक रेडशर्ट’ ठरतो : स्कॉलरशिप मिळेल, पहिल्या सत्रात सराव करता येईल, सामना मात्र वर्षभर नाही. एका बी चा फरक.

त्याहून मोठा फास दहा-सातच्या नियमाचा आहे. डिव्हिजन एकसाठी सोळांपैकी दहा कोअर विषय सातवे सेमिस्टर, म्हणजे बारावी, सुरू होण्याआधी संपलेले हवेत आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञान यांतलेच हवेत. एकदा बारावी सुरू झाली की त्या दहांचे गुण गोठतात. बारावीत तोच विषय पुन्हा घेऊन ए मिळवला तरी सरासरी हलत नाही. ‘सीनियर इयरला सगळं भरून काढू’ हे वाक्य इथे निरुपयोगी आहे. दहावीच्या शेवटी विषय मोजून घेतले नाहीत, तर हातात फक्त अकरावी आणि मधला उन्हाळा उरतो.

इतके सोपे कोष्टक असूनही घोडे पेंड खाते ते बहुधा नावांत. प्रत्येक हायस्कूलची मान्य विषयांची यादी एनसीएएच्या पोर्टलवर कोणालाही बघता येते. शाळेचा सहा आकडी सीईईबी कोड टाकायचा, की यादी उघडते. ट्रान्सक्रिप्टवरचे (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावरचे) विषयाचे नाव या यादीतल्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. शाळेने विषयाचे नाव बदलले आणि यादी अद्ययावत केली नाही, तर उत्तम शिकवलेला विषयही मोजला जात नाही. हे काम शाळेच्या काउन्सेलरचे आहे, पालकाला यादी बदलता येत नाही. म्हणून दर ऑगस्टला वेळापत्रक हातात आले की यादीशी ताडून पाहा आणि फरक दिसला तर लगेच ईमेल करा.

आणखी काही खड्डे. अल्जिब्रा एक दोन वर्षांत पसरून, १ए आणि १बी असे घेतले, तरी मिळून एकच युनिट. तोच विषय दोनदा केला तर एकदाच मोजतात, त्यातल्या त्यात बरा निकाल धरून. ‘पास’ असा शेरा असेल तर शाळेतला सर्वांत खालचा उत्तीर्ण ग्रेड गृहीत धरतात. ऑनलाइन विषय चालतो, पण शिक्षक आणि विद्यार्थी यांचा नियमित संवाद आणि ठरलेला कालावधी असला तरच. तीन आठवड्यांत उरकलेला क्रेडिट रिकव्हरीचा, म्हणजे नापास विषय भरून काढण्याचा, कोर्स हटकून अडकतो. आठवीत अल्जिब्रा किंवा स्पॅनिश केलेल्या हुशार मुलांचा (आपल्याकडे अशी पुष्कळ) तो विषय धरला जातो, मात्र हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसह उमटला पाहिजे. केवळ परीक्षा देऊन मिळवलेले क्रेडिट एनसीएए घेत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी शाळेत शिकून परीक्षेने भाषेचे क्रेडिट मिळवले असेल, तर ते शाळेसाठी वापरा आणि कोअरच्या हिशेबात त्याची जागा मोकळी धरा.

सेवा म्हणून सेंटरचा खरा दोष उशीर हा आहे. फी आठवीत भरा नाहीतर अकरावीत, एखाद्या कॉलेजने तुमच्या मुलाचे नाव आपल्या विनंती यादीत टाकेपर्यंत सेंटर त्याची फाइल तपासायलाच घेत नाही. कोणी मागणी केली नाही तर निकाल नाही. पैसे घेऊन गप्प बसलेल्या खिडकीचा पालकांना राग येतो, आणि तो रास्त आहे. अंतिम निकाल तर शेवटच्या ट्रान्सक्रिप्टशिवाय येतच नाही, म्हणजे जून-जुलै. त्या ट्रान्सक्रिप्टवर शाळा पूर्ण केल्याची तारीख छापलेली नसली तरी फाइल थांबते. यावर एक उतारा आहे : सहा सेमिस्टरनंतर चौदा कोअर विषयांत ३.० सरासरी असेल तर लवकर मान्यता मिळू शकते. बरा अभ्यास करणाऱ्या मुलाने हे जरूर वापरावे. फॉर्मचा हौशीपणाचा भागही नववीत भरून विसरू नये. कोणत्या संघातून खेळलो, खर्च कोणी केला, एजंट होता का, ही उत्तरे वेळोवेळी सुधारायची असतात. शरद ऋतूत प्रवेश घेणाऱ्याने अंतिम तपासणीची विनंती १ एप्रिलनंतर स्वतः बटण दाबून पाठवायची असते. हे बटण विसरणे ही दरवर्षीची चूक.

गाजावाजा करणाऱ्या मंडळींचा या कोष्टकाशी काही संबंध नाही. होतकरू खेळाडूंना पाचपर्यंत तारे देणारी संकेतस्थळे उंची, वेग, खेळ बघतात. २४७स्पोर्ट्स हे संकेतस्थळ अमेरिकन फुटबॉलमध्ये दरवर्षी साधारण ३२ जणांना पाच तारे देते, एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमधल्या (खेळाडू निवडीतल्या) पहिल्या फेरीच्या ३२ निवडींच्या धर्तीवर. जे. जे. वॉटला दोन तारे होते, अॅरन डोनाल्डला तीन. दोघेही पुढे एनएफएलचे दिग्गज ठरले. उलट पाच ताऱ्यांच्या मुलाची प्रयोगशाळेची अट राहिली तर तारे ती भरून देत नाहीत. तोंडी ‘ऑफर’ही तशीच, बाजारात तुरी. ती कोचवर बंधनकारक नसते, आणि कोच बदलला की हवेत विरते.

याच धांदलीत ‘रिक्लास’ नावाचा, म्हणजे शाळा संपण्याचे वर्ष बदलण्याचा, प्रकार विकला जातो. बास्केटबॉलपटू कूपर फ्लॅगसारखा एखादा एक वर्ष पुढे उडी मारतो, त्याला विषय आधीच संपवावे लागतात, बाकी धोका कमी. बहुतेक जण मात्र उलटे करतात, मुलगा मोठा आणि दणकट व्हावा म्हणून एक वर्ष मागे ठेवतात. एनसीएएचे घड्याळ नववी पहिल्यांदा सुरू झाली की चालू होते आणि चार वर्षांनी थांबते. त्यानंतर जेमतेम एक युनिट भरता येते. नववी-दहावी पुन्हा केली तरी घड्याळ मागे जात नाही. राज्य संघटनाही नववीपासून सलग आठ सेमिस्टर मोजतात आणि एकोणीस वर्षांची मर्यादा लावतात. शाळा बदलणाऱ्यांनी खरा पत्ताच द्यावा. कॅलिफोर्नियाच्या २०२ क्रमांकाच्या नियमाने खोट्या माहितीला २४ महिन्यांपर्यंत बंदी आहे. म्हणजे हायस्कूलमधली खेळाची निम्मी कारकीर्द.

पैशांचे नियम तर वीस वर्षांत उलटेपालटे झाले. फेब्रुवारी २००२ मध्ये बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स ओहायोत अकरावीत असताना स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या मुखपृष्ठावर झळकला. जानेवारी २००३ मध्ये ओहायोच्या संघटनेने त्याच्या आईने दिलेली हमर गाडी तपासून मान्य केली आणि काही दिवसांतच दुकानातून फुकट घेतलेल्या ८४५ डॉलरच्या दोन जर्सींवरून त्याला अपात्र ठरवले. शिक्षा दोन सामन्यांवर आली ती न्यायालयात गेल्यावर. गाडी आईने कर्ज काढून घेतलेली होती, जर्सी परक्याने दिलेल्या होत्या, एवढाच फरक. त्याच ओहायोत २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये शाळांनी मतदान करून खेळाडूंना नाव आणि प्रतिमेचे पैसे घ्यायला परवानगी दिली. त्याआधी फुटबॉलपटू क्विन एवर्सने २०२१ मध्ये अशा पैशांवरचे टेक्सासचे निर्बंध टाळण्यासाठी हायस्कूलचे शेवटचे वर्ष सोडून थेट ओहायो स्टेट विद्यापीठ गाठले होते.

आज बहुतेक राज्यांत हे पैसे चालतात, पण शाळेचा गणवेश, चिन्ह, मैदान जाहिरातीत दिसता कामा नये. नाव-प्रतिमेच्या करारांसाठी एजंट चालतो, व्यावसायिक खेळाच्या करारासाठी चालत नाही. करारपत्रात ही दोन कामे एकत्र लिहिलेली असतील तर सही करू नका. शेवटची पाने नीट वाचा. फ्लोरिडा विद्यापीठाचा फुटबॉलपटू जर्व्हॉन डेक्स्टर याने कॉलेजात असताना ४,३६,४८५ डॉलर घेतले आणि बदल्यात पंचवीस वर्षांच्या एनएफएल कमाईतले १५ टक्के लिहून दिले होते. २०२३ मध्ये त्याला कोर्टात जावे लागले.

भारतातून जाणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. पुण्याच्या टेनिसमधून अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला आणि ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला खेळली, म्हणजे वाट चालती आहे. १७० डॉलरच्या खात्यात नववी ते बारावी चारही वर्षांचे निकाल लागतात, फक्त दहावी-बारावीच्या मार्कशीटवर भागत नाही. नववी आणि अकरावीची वार्षिक प्रगतिपत्रके शाळा-कॉलेजकडून सही-शिक्क्यासह आताच घेऊन ठेवा. इंग्रजीत नसलेल्या कागदाला प्रमाणित शब्दशः भाषांतर जोडावे लागते. कॉमर्सवाल्यांनी जपून असावे : बुककीपिंग आणि एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) हे कोअरच्या कोणत्याच रकान्यात बसत नाहीत, इकॉनॉमिक्स सामाजिक शास्त्रात बसते. गणित तीन वर्षांचे हवे, तेव्हा अकरावीला ते सोडण्याआधी मोजा. सराव आणि स्पर्धांसाठी घेतलेला ‘ड्रॉप’ सर्वांत महाग पडतो, कारण टेनिसमध्ये शाळा संपल्यावर कॉलेजात दाखल व्हायला सहाच महिन्यांची मुभा देणारा नियम आहे. बक्षिसाच्या रकमेवर टेनिसपटूला वर्षाला १०,००० डॉलरची मर्यादा होती. तिच्याविरुद्ध २०२४ मध्ये कॉलेज टेनिसपटू रीझ ब्रँटमायरने खटला भरला आणि ही चौकट हलू लागली आहे. तोवर प्रत्येक स्पर्धेचे नाव, मिळालेली रक्कम आणि झालेला खर्च पावत्यांसह वहीत ठेवा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत राहून जाहिरातीचे काम करणे धोक्याचे आहे, मित्र करतोय म्हणून करू नका. क्रिकेट आणि स्क्वॉश एनसीएएच्या खेळांत नाहीत, त्या पालकांनी हे ११० किंवा १७० डॉलर वाचवावेत.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण उशिरासाठी कापला, एक त्या १ एप्रिलच्या बटणासाठी.