तळघराच्या वॉटरप्रूफिंगसाठी शहाबादी बॉक्स की टॉर्च मेम्ब्रेन?

शहाबादी बॉक्समध्ये (तळघराभोवती शहाबादी फरशीचा थर) पीसीसीवर, म्हणजे तळाच्या साध्या काँक्रीटवर, १:४ सिमेंट-वाळूच्या मसाल्यात फरश्या बसतात, वर राफ्ट (पायाचा सळईचा स्लॅब). भिंतीबाहेर फरशी उभी करून मागची साधारण २५ मिमी फट मसाल्याने ठासून भरायची. गळती होते ती इथेच: फट पोकळ राहते, सांधे तडकतात. मात्र सळईच्या घावाने हा थर सहसा फुटत नाही.

टॉर्च मेम्ब्रेन म्हणजे ज्योतीने तापवून चिकटवायची डांबरी चादर. ४ मिमी एपीपी (पॉलिमर मिसळलेल्या डांबराची) मेम्ब्रेन लवचीक. बारीक तडे झेलते. पण पृष्ठभाग कोरडा हवा, आधी प्रायमर, बाजूचा ओव्हरलॅप १०० मिमी, टोकाचा १५०. कडेने वितळलेलं डांबर दिसलं नाही तर सांधा कच्चा. वर ५० मिमी स्क्रीड (सिमेंटचा संरक्षक थर) लगेच घाला, नाहीतर सळईवाले भोकं पाडतात.

पावसाळ्यात खड्डा ओलाच राहत असेल तर आम्ही बॉक्सच निवडू. दोन्ही पद्धतींत राफ्ट-भिंतीच्या सांध्यात वॉटरबार (पाणी अडवणारी पट्टी) हवाच.