"दिग्दर्शन तूच कर" म्हणत माझे २,८७,६०० रुपये आणि स्क्रिप्ट दोन्ही नेलं

आधी आकडे, कारण ते आता पाठ झालेत. एका फिल्म निर्मात्याकडून साइनिंग (करारावर सही करताना मिळणारी रक्कम) म्हणून मला मिळाले ४५,९०० (५१,००० मधून १० टक्के टीडीएस कापून). माझ्याकडून गेले ते असे, टीझरचे २,४०,०००, कॅमेरा-लाइट्सचा ॲडव्हान्स ७५,०००, टायटल रजिस्ट्रेशन आणि "पेपरवर्क" १८,५००. करा वजाबाकी. वर स्क्रिप्ट गेली ती वेगळीच.

लेखकाचा शेवटचा हप्ता बुडतो, क्रेडिट गायब होतं, हे सगळ्यांना माहितीये. मी सिरियलचे एपिसोड लिहून घर चालवतो, नवखा नाहीये. पण या निर्मात्याची पद्धत वेगळी होती. स्क्रिप्ट आवडली म्हणायचं, मग हळूच विचारायचं, "दिग्दर्शन कोण करणार?" आणि आपण काही बोलायच्या आत, "अहो तुम्हीच करा ना!" स्वतःच्या सीनची दुसऱ्यांनी लावलेली वाट वर्षानुवर्षं बघितलेल्या माणसाला हे ऐकवलं की तो पुढचे कागद कसे वाचणार, सांगा. आठवडाभरात "तुम्ही"चं "तू" पण झालं.

मग आलं की पहिल्यांदा दिग्दर्शन करतोयस, इन्व्हेस्टर घाबरतात, तीन मिनिटांचा टीझर करून दाखव, खर्च आत्ता तू कर, फिल्म फ्लोअरवर गेली, म्हणजे शूटिंग सुरू झालं, की बजेटमधून परत. यात संशय येण्यासारखं काय होतं? नवीन दिग्दर्शक स्वतःच्या खिशातून शॉर्ट फिल्म करतातच की. आणि साइनिंगचा चेक चक्क वटला होता! ज्याने आधी पैसे दिले तो चोर असेल असं कोणाच्या डोक्यात येतं?

एक क्षण मात्र अजून झोपू देत नाही. नरेशन (स्क्रिप्ट तोंडी ऐकवणं) झाल्यानंतरच्या मीटिंगला निर्माता साहेब म्हणाले, "क्लायमॅक्सला तो लहान मुलगा आईला मिठी मारतो ना, तिथे मी रडलो." माझ्या स्क्रिप्टमध्ये लहान मुलगाच नाही. मिठीही नाही. शेवटी एक म्हातारी एकटीच बस स्टँडवर बसलेली आहे. मी हसलो आणि "हो सर" म्हणालो. त्याच दुपारपासून टीझरचे पैसे हप्त्याहप्त्याने पाठवले, तेही कंपनीच्या नाही, अकाउंटंटच्या पर्सनल नंबरवर यूपीआयने. आता मित्र विचारतात की तेव्हाच उठला का नाहीस. अरे, या धंद्यात स्क्रिप्ट वाचणारा निर्माता बघितलाय का कोणी? न वाचणं हा फसवणुकीचा पुरावा मानला तर निम्मी इंडस्ट्री आत जाईल.

करार एकच होता, लेखन आणि दिग्दर्शन दोन्हीचा. आत कुठेतरी ओळ की निर्माता "क्रिएटिव्ह कारणांसाठी" दिग्दर्शक बदलू शकतो, आणि तसं झालं तरी कथा-पटकथा-संवादाचे हक्क त्याच्याकडेच. कॉपीराइट कायद्यात सोय आहे की हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत तर ते लेखकाकडे परत येतात, कलम १९(४), पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. यांनी लिहिलं होतं. म्हणून सांगतो, दोन करार वेगळे करा, आणि दिग्दर्शनावरून काढलं तर स्क्रिप्ट परत हे शब्दात लिहून घ्या, तोंडी नको.

टीझर दाखवून झाला, दिग्दर्शक बदलला. रिफंड म्हणून १,५०,००० चा चेक दिला, तो बाउन्स. (बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर चेक बाउन्सची केस करायचं कलम १३८ हातातून जातं. ते मला पोलिसांनी नाही, एका एडिटर मित्राने सांगितलं.)

पोलीस चौकीत पहिलं वाक्य, "सिव्हिल मॅटर आहे." दुसरं, "हिरोइन कोण आहे?" अर्ज घेतला, शिक्का द्यायला मात्र साहेब जागेवर नाहीत. साहेब कायमच जागेवर नाहीत. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं तर हवालदार म्हणाला, जास्त शिकलेले दिसता, मग सही कशाला केली. सायबरवाले म्हणे तुम्ही त्याला समोरासमोर भेटलात, म्हणजे हे ऑनलाइन नाही, चौकीत जा. लेखकांच्या संघटनेत वर्गणी वर्षानुवर्षं भरतोय, तिथे उत्तर की निर्माता आमचा मेंबर नाही, बोलावू शकतो पण तो येईलच असं नाही. तो आला नाही. मग वर्गणी कसली घेता? वकिलाने नुसत्या नोटिशीचे आणि कागद बघायचे १५,००० घेतले, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

आणि टीडीएस! रिटर्न भरताना फॉर्म २६एएस (आपल्या नावावर किती टीडीएस जमा झाला ते दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता) उघडला तर त्या ५,१०० ची नोंदच नाही. कापले आणि भरलेच नाहीत. साइनिंग मिळाल्यावर नुसता चेक वटला म्हणून नाचू नका, त्या तिमाहीची नोंद दिसते का बघा, तिथेच कळतं समोरची कंपनी खरी का खोटी.

त्याच ऑफिसचा मेसेज परत फिरतोय, "स्वतःची स्क्रिप्ट असलेले नवीन लेखक-दिग्दर्शक हवेत." कोणाला साइनिंगला ५१,००० आणि मागून टीझरचा खर्च असं आलं असेल तर चॅट डिलीट करू नका, यूपीआयच्या पावत्या ठेवा आणि मला कळवा. एकट्याचं ते सिव्हिल म्हणतात, चार अर्ज एकदम गेले तर बघू काय म्हणतात.