फ्रोझन मलबार पराठा वापरून चिकन फ्रँकी: चार पाकिटं संपवल्यावरचा रिव्ह्यू

आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार नॉनव्हेज नसतं, त्यामुळे चिकनची सगळी मदार बुधवारवर, आणि नेमका बुधवारीच मला ऑफिसातून निघायला साडेसात होतात. घरी येऊन कणीक मळा, पोळ्या लाटा, मग चिकन, एवढा दम कोणात असतो? म्हणून शेवटी फ्रँकीसाठी, म्हणजे चिकन भरून गुंडाळलेल्या रोलसाठी, फ्रोझन मलबार पराठ्याचं (पापुद्र्यांचा केरळी पराठा) पाकीट आणलं, ज्याला मी आधी बरीच वर्षं नाकं मुरडली होती. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण तक्रारीही आहेत.

400 ग्रॅमच्या पाकिटात 5 पराठे, मला 115 रुपयांना पडलं. आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे पराठे आधी बाहेर काढून ठेवायचे नाहीत, फ्रीझरमधून काढला की दगडासारखा असतानाच तापलेल्या तव्यावर टाकायचा. मी पहिल्या वेळी शहाणपणा करून अर्धा तास आधी ओट्यावर ठेवले आणि सगळे मधल्या प्लास्टिकला असे चिकटले की सोडवता सोडवता कणकेचा गोळाच हातात आला. मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी मिळून तीनेक मिनिटं लागतात, तेल घालायची गरज नाही, त्याचं त्यालाच सुटतं. भाजून झाल्यावर दोन्ही हातांनी चुरगळून पापुद्रे सुटे करतात ना, ते इथे करू नका, गुंडाळताना फाटतो.

चिकनचं म्हणाल तर 300 ग्रॅम बोनलेस, शक्यतो थाय (मांडीचं), ब्रेस्ट (छातीचं) घेतलं तर कोरडं पडतं. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी बोटभर पट्ट्या कापून दोन चमचे दही, आलं-लसूण, तिखट, हळद, थोडा गरम मसाला लावून फ्रीजमध्ये. मीठ हात राखून, पराठ्यात आधीच असतं. संध्याकाळी जाड कढईत मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं, दह्याचं सुटलेलं पाणी पूर्ण आटेपर्यंत. इथे घाई केली की संपलं, ओलं चिकन पराठ्यात भरलंत तर दुसऱ्या घासाला खालून रस गळून कोपरापर्यंत येतो, माझ्या लेकीच्या युनिफॉर्मवर तो डाग अजून आहे.

पण खरी चव चिकनमध्ये नाहीच हो, ती वरच्या दोन गोष्टींत आहे. एक मसाला, आमचूर, लाल तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळं मीठ, डबीत करून ठेवायचा. दुसरं ते गाडीवर झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून शिंपडतात ते मिरचीचं व्हिनेगर, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये हिरव्या मिरच्या बारीक चिरून दोन दिवस ठेवल्या की झालं. हे दोन नसतील तर तुम्ही नुसती चिकनभाजी-पोळी खाताय. आणि अंडं! पराठा भाजून बाजूला काढायचा, फेटलेलं अंडं तव्यावर ओतायचं, ते ओलं असतानाच पराठा वर दाबायचा आणि उलटायचा. मुंबईत 1969 साली टिब्ज फ्रँकी सुरू झाली तेव्हापासून हे अंड्याचं अस्तर फ्रँकीची ओळख आहे, आणि फ्रँकी हे नाव म्हणे वेस्ट इंडीजच्या फ्रँक वॉरेलवरून ठेवलेलं, क्रिकेटवाल्या नवऱ्याला हे सांगितल्यापासून तो दर घासाला स्कोअर विचारतो.

हिशेब केला तर अंड्यासकट एक रोल 70 रुपयांच्या आसपास पडतो. चिकन भिजवलेलं असेल तर पंधरा मिनिटांत ताट समोर.

आता तक्रारी. दुसरं पाकीट डिलिव्हरीवरून मागवलं, ते अर्धवट वितळून आलं, मी तसंच फ्रीझरमध्ये टाकलं आणि पाचही पराठ्यांची मिळून एक वीट झाली, त्यामुळे आता दुकानातूनच आणते तेही सामान घेताना सगळ्यात शेवटी. तिसऱ्या वेळी गव्हाचा म्हणून जो घेतला त्याच्या मागे बारीक अक्षरात मैदाही होताच, शिवाय चवीला पुठ्ठा, त्यापेक्षा सरळ मैद्याचा घ्या आणि आठवड्यातून एकदाच खा. मी पाचपैकी साडेतीन देईन, अर्धा फक्त पापुद्र्यांसाठी.

डब्याला मात्र हा पराठा अजिबात नाही. गरम असेपर्यंतच मजा, दुपारपर्यंत इतका वातड होतो की दाताने ओढावा लागतो. गुरुवारी चिकनचा प्रश्नच नाही, पण शुक्रवारी डब्यात द्यायचा असला तर मी सकाळच्याच पोळीला अंडं लावते, आतला मसाला तोच, आणि व्हिनेगरचे कांदे वेगळ्या छोट्या डबीत.