सीएसआरचे दोन कोटी आणि मुलींची अनामत

सांगलीत आमची एक लहान संस्था आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातल्या मुली कॉलेजसाठी सांगली-मिरजेला येतात, त्यांच्यासाठी आम्ही वसतिगृह चालवतो. 40 मुली, एक जुनी इमारत, स्वयंपाकाला दोन मावशी. मी संस्थेची सचिव. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून माझा बहुतेक वेळ तिथेच जातो.

2019च्या महापुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. गाद्या, धान्य, मुलींच्या वह्या सगळं गेलं. 2021 मध्ये पुन्हा तेच. तेव्हापासून वरचा मजला चढवायचा ध्यास होता. मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, तासगावचे काही बागायतदार दरवर्षी मदत करतात, पण त्यातून वर्षाचं धान्य निघतं, मजला नाही.

म्हणून जेव्हा एक गृहस्थ ओळखीतून आले आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमच्यासारख्या संस्थांसाठीच सीएसआर आहे,’ तेव्हा आम्हाला ते पटलं. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी आपल्या नफ्यातून सामाजिक कामांसाठी द्यायचा पैसा. माणूस चांगला अभ्यास करून आला होता. 12ए आणि 80जी ही आयकराची प्रमाणपत्रं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर, सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-1 नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट, सगळं त्याने नावानिशी मागितलं. आमच्याकडे ते सगळं होतंही. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात द्यावे लागणारे बदल अर्जसुद्धा मंजूर झालेले. इतकी वर्षं कागद नीट ठेवले, त्याचं कुणीतरी पहिल्यांदाच कौतुक करत होतं. तिथेच आम्ही सैल पडलो, असं मला आता वाटतं.

पहिली मागणी 11,800 रुपयांची, ‘फाइल चार्ज’. 10,000 अधिक 18 टक्के जीएसटी, रीतसर छापील पावती. पंधरा दिवसांत एका कंपनीचं मंजुरीपत्र आलं: वसतिगृहाच्या बांधकामासाठी 2 कोटी. जाड कागद, गोल शिक्का, खाली निळ्या शाईची सही. आप्पांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, ते पत्र देवापुढे ठेवलं. मग ‘पाहणी पथकाचे’ 59,000. दोन तरुण आले, फोटो काढले, मुलींशी बोलले, मावशींनी केलेली भाकरी-आमटी जेवून गेले.

त्यानंतर पुण्यात एका हॉटेलात बैठक झाली. तिथे चहा येण्याआधीच तो गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाला, ‘आप्पासाहेब, यातले 40 टक्के रोखीने परत द्यावे लागतात. सगळीकडे तसंच चालतं. बिलांचं आम्ही बघतो.’ म्हणजे 80 लाख. मी आप्पांकडे बघितलं, आप्पांनी टेबलाकडे. ‘नंतर बघू’ एवढंच आप्पा म्हणाले आणि मी गप्प बसले.

ज्यांना वाचून सावध व्हायचं आहे त्यांनी या जागी थांबावं. तो परतावा आमच्याकडून कधी घेतला गेलाच नाही, कारण मुळात 2 कोटी येणारच नव्हते. मग ती मागणी कशासाठी? आमचं तोंड बंद करण्यासाठी. त्या दिवसानंतर आम्ही सीएला विचारलं नाही, विश्वस्तांच्या सभेत विषय घेतला नाही, माझ्या मुलाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर त्या 40 टक्क्यांबद्दलही बोलावं लागलं असतं. होकार दिला नव्हता, पण नकारही दिला नव्हता, आणि त्या लाजेचा त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला.

तिसरी रक्कम 1,50,000. ‘कराराची स्टॅम्प ड्युटी. शुक्रवारपर्यंत भरा, नाहीतर आर्थिक वर्ष संपेल आणि निधी दुसऱ्या संस्थेला जाईल.’ मुलींकडून प्रवेशाच्या वेळी आम्ही 3,000 रुपये अनामत घेतो, ती वेगळ्या खात्यात असते. ते 1,20,000 मी काढले, वरचे 30,000 आप्पांनी घातले. पैसे गेल्यावर आठ दिवस फोन उचलला गेला, मग ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, मग बंद.

एकूण 2,20,800 रुपये.

खरं काय ते आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने उघड केलं. आमच्याकडे राहून बी.कॉम. केलेली मुलगी, आता अकाउंटंट आहे. तिने ती पावती उजेडात धरली आणि विचारलं, ‘बाई, पावती कंपनीच्या नावाची आहे ना? मग हा जीएसटी नंबर एका माणसाचा कसा?’ मला काही कळेना. तिने बोट ठेवून दाखवलं. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की तो कुणाचा आहे: कंपनीला सी, ट्रस्टला टी, व्यक्तीला पी. आमच्या पावतीवर, 15 अक्षरांतलं सहावं अक्षर, पी होतं. सहा महिने ती पावती माझ्या फाइलीत होती.

मग तिने कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मंजुरीपत्रातल्या कंपनीचं नाव टाकलं. ही माहिती कुणालाही फुकट बघता येते. भांडवल 1 लाख, स्थापना होऊन जेमतेम वर्ष. कंपनी कायदा 2013चं कलम 135 सांगतं की ज्या कंपनीची नक्त मत्ता (देणी वजा करून उरणारी) किमान 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी असेल, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आता हिशेब करा. 2 टक्के म्हणजे 2 कोटी, तर सरासरी नफा 100 कोटी हवा. एक वर्षाच्या, 1 लाख भांडवलाच्या कंपनीला 100 कोटींचा नफा? पाचवीच्या मुलीला घातलं तरी सुटेल असं गणित, आणि मी आयुष्यभर गणितच शिकवलं.

तिच्याकडून कळलेलं थोडं आणखी सांगते. कोणती कंपनी कुठे किती सीएसआर खर्च करते ते सरकारच्या सीएसआर पोर्टलवर दिसतं. कंपनीची समिती, धोरण आणि प्रकल्प तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असावे लागतात. मंजुरीपत्र आलं तर पत्रावरच्या नंबरला नाही, संकेतस्थळावरच्या नंबरला फोन करायचा. आणि देणारा कधीही घेणाऱ्याकडून पैसे मागत नाही, ना फाइलचे, ना पाहणीचे. दर्पणची नोंदणीसुद्धा विनाशुल्क आहे, त्यासाठी आमच्याकडून आधी एकाने 5,000 घेतले होते हेही तेव्हाच कळलं.

याच माणसाने शेजारच्या तालुक्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजच्या प्राचार्यांना ‘पीएम-उषातून पाच कोटी’ मिळवून देतो म्हणून सांगितलं होतं. ही उच्च शिक्षणासाठीची केंद्राची योजना 2023 पासून रूसा या जुन्या योजनेच्या जागी आली. पैसा राज्य सरकारमार्फत येतो आणि तो शासकीय व अनुदानित संस्थांसाठी आहे. विनाअनुदानित कॉलेजला तो मिळणारच नाही, मध्ये कुणीही उभा असला तरी. परदेशी देणगीचं गाजर कुणी दाखवलं तर तुमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं आहे का, एवढं आधी बघा. नसेल तर एक रुपयाही कायद्याने घेता येत नाही.

आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण फार उशिरा. पैसे गेल्या-गेल्या काही तासांत केला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. आमचे महिने उलटले होते. पोलिसांत लेखी तक्रार दिली. त्यात पुण्याच्या बैठकीतलं 40 टक्क्यांचं बोलणं लिहायचं की नाही, यावर आप्पांशी दोन दिवस वाद झाला. शेवटी लिहिलं. मी लिहिलं आणि दोघांनी सही केली.

सर्वसाधारण सभेत मी सगळं वाचून दाखवलं. एक विश्वस्त उठून गेले, त्यांचा राग मला समजतो. अनामतीची रक्कम आम्ही दोघांनी माझ्या पेन्शनमधून आणि आप्पांच्या द्राक्षांच्या पैशातून भरली, मे महिन्यात घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हातात तिचे 3,000 दिले. मावशींनी आपल्या भिशीचे 5,000 आणून टेबलावर ठेवले होते. ते मी परत केले, पण त्या नोटा मला विसरता येत नाहीत.

गेल्या आठवड्यात आटपाडीकडून एका संस्थाचालकांचा फोन आला. त्यांना आलेलं मंजुरीपत्र त्यांनी मला पाठवलं. कंपनीचं नाव वेगळं, शिक्का तोच, ‘आर्थिक वर्ष संपेल’ हे वाक्यही तेच. 11,800 भरून झाले होते. मी विचारलं, ‘परताव्याचं काही बोलले का?’ पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘हो बाई. पण मी हे कुणाला सांगितलेलं नाही.’ त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या विश्वस्तांना बोलावून घेतलं. 59,000 त्यांनी भरले नाहीत.